नागपूरच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना खुलं पत्र: लॅबमधले कॉम्प्युटर कबाडीला देऊ नका

आदरणीय मुख्याध्यापक सर, मॅडम आणि संस्थाचालक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी कॉम्प्युटर इंजिनियर नाही आणि बर्डीच्या बाजारात माझं दुकानही नाही. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघतो आणि संध्याकाळी घरी आलो की जुने कॉम्प्युटर उघडून बसतो. हा नाद पेंटियम फोरच्या काळापासूनचा आहे. ओळखीत कोणाचा पीसी हँग होऊन राहिला, डिस्प्ले येत नाही, की फोन मला येतो, मी जातो, पैसे घेत नाही, चहा घेतो.

पत्र आत्ताच लिहायचं कारण मार्च. मार्च एंडिंगला संस्थांकडे थोडे पैसे खर्चायला असतात आणि याच वेळी कोटेशनं येतात. यंदाच्या कोटेशनांबरोबर एक वाक्य हमखास येऊन राहिलं आहे, "सर, विंडोज १० बंद झालं, आता हे सगळे डबे बेकार." हे वाक्य मी गेल्या चार महिन्यांत तीन वेगवेगळ्या शाळांच्या लोकांकडून ऐकलं आणि तिन्ही ठिकाणी त्याच्यावर विश्वास ठेवून पूर्ण लॅब मोडीत काढायची तयारी झाली होती. माझं म्हणणं एवढंच आहे की ते वाक्य खरं नाही. तुमच्या लॅबमधले बहुतेक कॉम्प्युटर अजून पाच वर्षं मुलांना शिकवू शकतात, त्यांना फक्त कोणीतरी एकदा उघडून बघायला पाहिजे.

आधी त्या बातमीचं बघू. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट थांबवला. सपोर्ट थांबला म्हणजे काय, तर सुरक्षेचे फुकट अपडेट यायचे बंद झाले. कॉम्प्युटर १५ तारखेला सकाळी जसा चालू होत होता तसाच चालू झाला. विंडोज ११ का टाकता येत नाही, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट (चालू होताना ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या मध्यापर्यंत घेतलेला जवळजवळ सगळा माल त्या यादीच्या बाहेर. यातली मला सगळ्यात न पटणारी गोष्ट अशी की सहाव्या आणि सातव्या जनरेशनच्या कितीतरी बोर्डांवर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम २.० चालू करता येतं, ते तिथे आहे, तरीही प्रोसेसर यादीत नाही म्हणून मशीन नापास. हा कंपनीचा निर्णय आहे, मशीनचा आजार नाही, आणि या दोन गोष्टी एकात मिसळूनच तुम्हाला कोटेशन दिलं जातं.

पण मी दुसऱ्या टोकालाही जाणार नाही. काही लोक सांगतात, "काही होत नाही, विंडोज १० तसंच चालवा." तसं चालवू नका, निदान इंटरनेटला जोडून तरी नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला होता तो आठवत असेल, जगभरात दवाखान्यांपासून कारखान्यांपर्यंत कॉम्प्युटर लॉक झाले होते. विंडोजच्या ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधीच दिला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांनाच फटका बसला. आता तर विंडोज १० ला आपोआप अपडेट येणारच नाही, म्हणजे लॅबमधल्या पेनड्राइव्हांची जी अवस्था असते ती बघता हे चालढकल करायचं काम नाही.

आता प्रत्यक्ष काय झालं ते सांगतो. माझी भाची जिथे शिकते त्या शाळेच्या मॅडमनी मला बोलावलं. शाळेचं नाव घेत नाही. लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर, सगळे २०१४ च्या सुमारास घेतलेले, चौथ्या जनरेशनचा आय३ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, चार जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. मॅडमच्या टेबलावर नव्या वीस मशीनचं कोटेशन होतं आणि खाली एका ओळीत लिहिलेलं, जुना माल बायबॅक, म्हणजे दुकानदार परत विकत घेणार, आणि बायबॅकची रक्कम इतकी कमी की ती वाचून मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, मॅडम मला दोन रविवार द्या, मग काय ते ठरवा.

पहिल्या रांगेतला तिसरा कॉम्प्युटर चालू केला. काळ्या स्क्रीनवर मेसेज, सीमॉस एरर, एफ१ दाबा. लॅब बघणारे सर सहज म्हणाले, "तो रोजच येतो, मुलं एफ१ दाबतात." दाबला, विंडोज आलं, साडेतीन मिनिटांनी आलं पण आलं. ब्राउझर उघडला तर कुठलीच साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी कनेक्शन सुरक्षित नाही अशी लाल पट्टी. सर म्हणाले, "यावर नेट चालत नाही, यावर आणि मागच्या सहावर. दुकानदार म्हणाला मदरबोर्ड गेलेत." मी खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं. तारीख होती १ जानेवारी २०१३.

बस एवढंच झालं होतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, लाईन नसताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग तोच सांभाळतो. दहा-अकरा वर्षांत तो उतरला. संध्याकाळी लॅबचं मेन स्विच पाडलं की घड्याळ मागे जायचं, सकाळी कॉम्प्युटरला वाटायचं आज २०१३ आहे. वेबसाइटचं जे सर्टिफिकेट असतं त्याच्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं, २०१३ त्यात बसत नाही म्हणून ब्राउझर दार बंद करतो. एरवी विंडोज नेटवरून वेळ दुरुस्त करून घेते, पण फरक फारच मोठा असला तर तिथेही हात वर करते. सात कॉम्प्युटर, सात सेल, एकेक वीस-तीस रुपयाचा. तारीख लावली, साइट उघडली, सर माझ्याकडे बघून राहिले आणि मग हळूच म्हणाले, "दोन वर्षं या सातांवर आम्ही नेट वापरलंच नव्हतं हो." मला तेव्हा राग आला, तो सरांवर नाही, त्यांनी विचारलं होतं, त्यांना उत्तर चुकीचं मिळालं.

मग एकेक डबा उघडायला घेतला. ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो डबा. साइडचं पॅनल काढलं की आत धूळ नव्हती, धुळीची घोंगडी होती, प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये अशी दाबून बसलेली की पंखा फिरतो पण हवा जातच नाही. हीटसिंक उचलला तर खालची थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली, नखानं खरवडली तर भुगा पडला. अशा मशीनचं काय होतं, तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला स्वतःचा स्पीड कमी करतो, आपण म्हणतो जुना झाला, स्लो झाला. जुना झालाच आहे पण स्लो झाला तो घुसमटून. ब्लोअर मारला (पंख्याची पाती बोटानं धरून मारा, नाही तर हवेनं तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं), स्पिरिटनं जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, हे आपल्याकडचा प्रत्येक मेकॅनिक करतो आणि खरंच काम करतं.

इथे नागपूरची म्हणून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात ती येत नाही. आपला उन्हाळा. २३ मे २०१३ ला आपण ४७.९ अंश बघितलेत. मे २०२४ मध्ये एका ऑटोमॅटिक स्टेशननं ५६ दाखवले तेव्हा देशभर बातमी झाली आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता, पण ५६ नसले तरी ४५ आपल्याला नवे नाहीत. बोर्डावर आणि एसएमपीएसमध्ये (डब्यातल्या पॉवर सप्लायमध्ये) जे छोटे दंडगोल कपॅसिटर असतात त्यांच्याबद्दल साधा हिशेब आहे, तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. यूपीएसच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचंही जवळजवळ तसंच. आणि आपल्या कितीतरी शाळांची लॅब असते वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले.

त्यावर उपाय म्हणून खिडकीला कूलर लावतात. कूलर माणसांसाठी चांगला आहे, त्याच्याशिवाय मे महिना निघत नाही हे मलाही माहीत आहे. पण या शाळेत पहिली रांग बरोबर कूलरच्या तोंडासमोर होती आणि त्या रांगेतले डबे बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसत होते. ओली हवा आणि धूळ मिळून पंख्यावर वाळलेला चिखल, स्क्रू गंजलेले, रॅमच्या दातांवर हिरवट डाग. वीसमधले जे तीन मदरबोर्ड खरोखर गेले होते, कपॅसिटर वरून फुगलेले, त्यातले दोन याच रांगेतले. कूलर काढू नका, टेबलं सरकवा, ओली हवा सरळ डब्यात जाणार नाही एवढं बघा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाही तर कूलर नुसता दमटपणा वाढवतो. यूपीएस भिंतीला चिकटवून, पडद्यामागे कोंडून ठेवू नका.

तर वीसपैकी सतरा उरले. तीन मेले त्यांची रॅम, पंखे, एसएमपीएस काढून ठेवले, ते बाकीच्यांना कामी आले. आता खरा बदल करायचा होता तो हार्डडिस्कचा. जुनी हार्डडिस्क म्हणजे फिरती तबकडी, एकेक फाइल शोधायला तिच्या हेडला इकडून तिकडे जावं लागतं, दर वेळी साधारण १० मिलिसेकंद. एसएसडी म्हणजे चिपवरची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही, तेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास. ऑपरेटिंग सिस्टम चालू होताना अशा हजारो छोट्या फाइली उघडते, म्हणून फरक पडतो तो असा पडतो की लोकांना वाटतं नवा कॉम्प्युटर आणला. साधी अडीच इंची साटा एसएसडी (जुन्या हार्डडिस्कच्याच केबलला लागणारी) पुरते, २४० किंवा २५६ जीबीची. एक लक्षात ठेवा, एच८१ बोर्डावर चार साटा पोर्ट असतात पण त्यातले दोनच फास्ट असतात, ६ गिगाबिटचे, एसएसडी त्यातच लावायची, बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. रॅम चारची आठ केली, दुसऱ्या स्लॉटमध्ये तसलीच चारची काडी, थोड्या मेलेल्या मशीनमधून आणि बाकीच्या बर्डीवरच्या जुन्या मालातून.

रॅमवरून आठवलं, नवीन घेणार असाल तर हेही माहीत असू द्या की नवीन घ्यायला इतकी वाईट वेळ गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती. एआयच्या डेटा सेंटरना जी खास मेमरी लागते ती बनवण्यात सगळे कारखाने गुंतले आहेत. जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यातल्या मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की क्रुशल नावानं आपल्यासारख्या ग्राहकांना जो माल विकत होतो तो धंदाच बंद करतो. १९९० च्या दशकापासूनचा ब्रँड, माझ्या घरात त्याच्या काड्या आहेत, वाचून वाईट वाटलं. नव्या मशीनमधल्या डीडीआर५ रॅमचे भाव २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत दोन-तीन पट झाले आणि त्यामागे एसएसडीही चढून राहिल्या. म्हणून आत्ताच्या कोटेशनात तुम्हाला दिसेल की किंमत जुनीच दाखवली आहे पण रॅम गुपचूप आठची चार झाली आहे, किंवा रॅमसमोर कंपनीचं नावच नाही. कोटेशनची ती ओळ पुन्हा वाचा आणि लेखी विचारा. जुन्या डीडीआर३ ला या वादळाचा एवढा फटका नाही, कारण तो माल कोणाला डेटा सेंटरसाठी नको आहे. आज जुना कॉम्प्युटर दुरुस्त करणं म्हणूनच नेहमीपेक्षा जास्त शहाणपणाचं आहे.

आणि मग त्या सतरांवर काय टाकलं, तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टम, एक्सएफसीई डेस्कटॉप वालं, कारण ते हलकं आहे, चालू झाल्यावर जेमतेम एक जीबीच्या आसपास रॅम घेतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फुकट, लायसन्सचा प्रश्न नाही. साडेतीन मिनिटांचं बूट पंचवीस सेकंदांवर आलं. मी घड्याळ लावून मोजलं आणि भाचीला दाखवलं, ती म्हणाली "मामा, खराब झाला का, लगेच कसा आला?"

लिनक्स म्हटलं की ऑफिसमधून पहिला प्रश्न येतो, मुलांना हे कुठे कामी येणार. सर, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्सच आहे. जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. केरळच्या सरकारी शाळांमध्ये तर गेली कितीतरी वर्षं कॉम्प्युटर शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच होतं, त्यांच्या काइट या सरकारी संस्थेनं उबुंटू नावाच्या लिनक्सवरून शाळांसाठी स्वतःचं लिनक्स तयार केलं आहे. सीबीएसईला अकरावी-बारावीत पायथन आहे, तो इथेही तोच पायथन आहे. स्क्रॅच ब्राउझरमध्ये चालतं, जिओजेब्रा चालतं, लहान मुलांना जीकॉम्प्रिस आहे आणि वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस. एमएस-सीआयटी झालेल्या माणसाला लिब्रेऑफिस शिकायला आठवडा पुरतो. मेनूची जागा बदलते, पत्र कसं लिहायचं आणि बेरीज कशी करायची ते नाही बदलत.

खरी अडचण लॅबमध्ये येत नाही, ती ऑफिसात येते, आणि तिथल्या क्लार्क मंडळींचं मी मनापासून ऐकून घेतलं. त्यांच्याकडे पंधरा वर्षांची पत्रं आहेत, सगळी कृतिदेवमध्ये. कृतिदेव हा युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धत) नाही, तो इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवणारा फॉन्ट आहे, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि माणूस घाबरतो की फाइल गेली. गेली नसते. तोच फॉन्ट लिनक्समध्ये टाकला की लिब्रेऑफिसमध्ये उघडते. पण नवीन पत्रं युनिकोडमध्ये लिहायला सुरुवात करा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन-तीन आठवड्यांत बोटात बसतं, कारण कृतिदेवमधलं पत्र ईमेलनं पाठवलं तर समोरच्याला वाचता येत नाही आणि सर्च केलं तर सापडत नाही. सरल, यू-डायस, शालार्थ या सरकारी पोर्टलांचं काम ब्राउझरमधलं आहे. टॅली मात्र विंडोजचं आहे, डिजिटल सहीचे डोंगलही विंडोजवरच सरळ चालतात, आणि काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सला फार त्रास देतात (एचपी १०२० असेल तर एचपीलिप या ड्रायव्हरचं प्लगिन टाकलं की चालतो, हे मी स्वतः केलं आहे). म्हणून ऑफिसात एक किंवा दोन चांगले, नवे, बिलासकट विंडोज ११ चे कॉम्प्युटर घ्या. जे दोन लागतात ते दोन घ्या, वीस नका घेऊ.

ज्यांना लॅबमध्येही विंडोजच पाहिजे त्यांच्यासाठी रस्ता आहे आणि तो दुकानदार सहसा सांगत नाहीत. मायक्रोसॉफ्ट विंडोज १० साठी जादा सुरक्षा अपडेट विकतं, आणि शिक्षण संस्थांसाठी त्याचा भाव आहे एका कॉम्प्युटरमागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४. बाकीच्या कंपन्यांना पहिल्या वर्षालाच ६१ डॉलर आहे, यावरून बघा. मुख्य अट ही की तुमचं विंडोज ओरिजिनल पाहिजे आणि खरेदी व्हॉल्युम लायसन्सिंगमधून (संस्थांसाठीच्या एकगठ्ठा परवान्यातून) करायची. ओरिजिनल आहे की नाही हा प्रश्न कृपया विचारा, कारण कितीतरी लॅबमध्ये कोणीतरी येऊन विंडोज "मारून" गेलेलं असतं, अ‍ॅक्टिव्हेटर चालवून, अँटीव्हायरस बंद करून, आणि त्या अ‍ॅक्टिव्हेटरबरोबर काय काय आत गेलं ते त्यालाही माहीत नसतं. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं अट चुकवून विंडोज ११ टाकून देतो असंही कोणी सांगेल. टाकता येतं, घरी मी प्रयोग म्हणून केलं आहे, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन तर चालूच होत नाही कारण त्याला लागणारी एक सूचना (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरमध्ये मुळातच नाही. शाळेच्या लॅबसाठी असले प्रयोग नकोत.

कोणी "एआय लॅब"साठी नवे पीसी सुचवत असेल तर त्याचं एका वाक्यात सांगतो. मुलं ब्राउझरमध्ये जे एआय वापरतात ते दूरच्या सर्व्हरवर चालतं, त्यासाठी तुमच्या टेबलावर एआयची खास चिप (एनपीयू) असलेला महागडा पीसी लागत नाही, चांगलं इंटरनेट लागतं आणि शिकवणारा माणूस लागतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. मागच्या वर्षी मी एका कबाड्याकडून तीन जुन्या हार्डडिस्क आणल्या, सुटे भाग काढायला. एक घरी लावून बघितली तर ती एका शाळेच्या ऑफिसची निघाली. एक्सेल शीट उघडी पडलेली, वर्गवार, मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधार नंबर, शिष्यवृत्तीसाठीचा बँक खात्याचा नंबर, काही मुलांसमोर जातीच्या दाखल्याचा स्कॅन. शेकडो मुलं. मी बसूनच राहिलो. ती डिस्क माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाच्या हातात गेली असती तर काय, हा विचार अजूनही जात नाही. त्या शाळेत कोणीतरी नक्कीच "फॉरमॅट करून दिलं" असं सांगितलं असेल. पण साधं फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच असतात, फुकटच्या सॉफ्टवेअरनं सगळं परत मिळतं. पूर्ण डिस्कवर शून्यं लिहावी लागतात, ५०० जीबीला साधारण दीड तास लागतो, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून एका कमांडमध्ये होतं. मी ती डिस्क तशी पुसली आणि त्या शाळेला फोन करून सांगितलं. आता २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदाही आहे आणि त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीची जास्त काळजी घ्यायला सांगितली आहे, पण कायदा नसता तरी ही आपलीच लेकरं आहेत.

जे मशीन खरंच मेलं ते द्यावं लागेलच. त्यासाठी २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असलेले रिसायकलर आहेत. त्यांना द्या, पावती घ्या. गल्लीतला कबाडी तांब्यासाठी वायरी जाळतो आणि तो धूर त्याच्याच घरातली माणसं आधी घेतात.

त्या शाळेत आता सतरा कॉम्प्युटर रोज चालू आहेत. वाचलेल्या पैशांतून मॅडमनी ऑफिससाठी दोन नवे घेतले, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या आणि लॅबची अर्थिंग नव्यानं करून घेतली, ते काम तर कधीचं राहिलं होतं. आठवीची चार मुलं दुसऱ्या रविवारी माझ्याबरोबर डबे उघडायला बसली होती. एका मुलीनं पाच मशीनची पेस्ट एकटीनं बदलली, सहाव्याला मी हात लावायला गेलो तर म्हणाली, "काका, तुम्ही राहू द्या, मी करते."

तेव्हा कोटेशनवर सही करायच्या आधी एक काम करा. लॅबमधला एक बंद पडलेला डबा उघडायला लावा, तुमच्यासमोर, आणि आपल्याच शाळेतल्या दोन मुलांना बाजूला उभं करा. तारीख बघा, सेल बदला, धूळ काढा. सेल आणायला माणूस पाठवाल तर सीआर२०३२ असं कागदावर लिहून द्या, नुसतं "मदरबोर्डचा सेल" म्हटलं की काही ठिकाणी २०२५ नंबरचा देतात, तो दिसायला तेवढाच गोल असतो पण जाडी कमी असते, खोबणीत सैल बसतो आणि महिन्याभरात पुन्हा एफ१ चा मेसेज यायला लागतो.

आपला,
एक नागपूरकर, मानेवाडा